नाइट ड्यूटी करत एनपीला अप्लाय करायचंय, सुरुवात कुठून करू?

रातपाळी_टेक्सास

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी २०१२ ची बीएस्सी नर्सिंग, एमयूएचएस (नाशिकचं आरोग्य विद्यापीठ). आधी मिरजेत, मग पुण्यात आयसीयू केलं, मग एनक्लेक्स (इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा), मग व्हिसाची ती कधी न संपणारी वाट, आणि आता चार वर्षं डॅलसजवळ टेलिमेट्री फ्लोअरला (हार्ट मॉनिटरवरचे पेशंट) आहे, आठवड्याला बारा तासांच्या तीन नाइट. ग्रीन कार्ड आहे. मुलगा दुसरीत, धाकटी अजून डेकेअरला.

आता नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स) करायचं डोक्यात बसलंय. नोकरी सोडणं शक्य नाही, घराचा हप्ता आहे. रात्री ब्रेकमध्ये शाळा बघत बसते तर ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे आणि डोक्यात नुसता गोंधळ. एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) करू का डीएनपी (डॉक्टरेट)? फॅमिली घेऊ का अ‍ॅक्युट केअर, का सायक, म्हणजे मानसोपचार (सगळे सध्या सायकच घेतायत)? माझे इंडियातले ६१ टक्के बघून कोणी घेईल का? रेकमेंडेशन कोणाकडे मागू, माझी मॅनेजर दिवसा असते, तिची माझी भेट महिन्यातून एकदा लिफ्टमध्ये. आणि तो एसे! दोन ओळी लिहिते नि पुसते.

एकाच्या डोक्याने चालायचं नाही म्हणून इथे विचारतेय. आधी काय धरू?

जर्सीची_सिस्टर

अगं आधी ते वीस टॅब बंद कर. मी नोकरी करतच एफएनपी (फॅमिली एनपी) केलं, तीन वर्षं लागली, म्हणून सांगते, अ‍ॅडमिशन मिळणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आपल्याकडे कसं एंट्रन्स पास झालं की गंगेत घोडं न्हालं, इथे तसं नाही. इथे घोडं अडतं क्लिनिकलला.

हिशोब बघ. २०२२ पासूनच्या नॅशनल स्टँडर्डप्रमाणे पेशंटसोबतचे कमीत कमी ७५० तास लागतात, आधी ५०० होते. समज तीन सेमिस्टरमध्ये वाटले तर एका सेमिस्टरला २५०, पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला जवळजवळ सतरा तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस. तुझे ३६ तास ड्यूटीचे अधिक हे सतरा, झाले त्रेपन्न, आणि यात अभ्यास, ड्रायव्हिंग, चार्टिंग, पोरांचा ताप काहीच धरलेलं नाही. आणि क्लिनिक दिवसाच असतं गं. सकाळी साडेसातला रिपोर्ट देऊन नऊला क्लिनिकला उभं राहायचं, मी केलंय दोनदा, एकदा एका आजोबांचं बीपी घेता घेता कफ लावला आणि आकडा लिहायचाच विसरले. तिसऱ्यांदा नाही केलं.

म्हणून शाळेला पहिला प्रश्न हा विचारायचा: प्रिसेप्टर (क्लिनिकलला हाताखाली शिकवणारी एनपी किंवा डॉक्टर) तुम्ही देता का मी शोधायचा? लेखी उत्तर घे. "वुई असिस्ट" म्हणाले तर समज की तूच शोधणार. फॅमिली घेतलंस तर लहान मुलं आणि विमेन्स हेल्थ दोन्ही करावं लागतं, आणि नेमके हेच प्रिसेप्टर मिळता मिळत नाहीत. दुसरा प्रश्न, टेक्सासात राहून तुमचा ऑनलाइन प्रोग्रॅम करता येतो का, कारण प्रत्येक ऑनलाइन शाळेला प्रत्येक स्टेटची परवानगी नसते, आणि ही गोष्ट वेबसाइटवर कुठेतरी कोपऱ्यात असते. तिसरं, नर्सिंगच्या प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या सीसीएनई किंवा एसीईएनचं अ‍ॅक्रेडिटेशन. ही तीन उत्तरं मिळेपर्यंत फी भरू नकोस.

मार्कांचं एवढं मनावर घेऊ नकोस. माझे ५९ होते. कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन (आपले मार्क इकडच्या ग्रेडमध्ये बदलून घेणं) केलं तर जीपीए तीनच्या वर आला, इकडचे लोक आपल्यासारखे टक्के बघत नाहीत. पण स्टॅटिस्टिक्स तपास. आपल्या बीएस्सीत ते रिसर्चबरोबर एकत्र असायचं आणि काही शाळा तो पेपर धरत नाहीत, वेगळा कोर्स मागतात. मी कम्युनिटी कॉलेजात परत स्टॅट्स केलं, अठरा वर्षांच्या पोरांबरोबर.

मधेच_सोडलं

वरच्या पोस्टला शंभर वेळा अनुमोदन. माझं उदाहरण घ्या, नाव नाही सांगत शाळेचं. ऑनलाइन, जाहिरात अशी की दर सहा आठवड्यांनी बॅच सुरू, जीआरई नको, इंटरव्ह्यू नको, फोन केला की काउन्सेलर लगेच लाइनवर, इतकी गोड बोलणारी की मला वाटलं माझी आत्याच बोलतेय. थिअरी सगळी ए मध्ये झाली. क्लिनिकलची वेळ आली तेव्हा म्हणाले प्रिसेप्टर आणा. मी चाळीसच्या वर क्लिनिकना ईमेल केले, स्वतः जाऊन रेझुमे दिले, एका ठिकाणी रिसेप्शनिस्टने माझ्यासमोरच तो आधीच्या रेझुमेंच्या गठ्ठ्यावर ठेवला, गठ्ठा चांगला वीतभर होता. शेवटी पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणारे असतात ना, त्यांना विचारलं, एका रोटेशनचा आकडा ऐकून फोन ठेवला. दोन सेमिस्टर थांबले, मग सोडलं. कर्ज फेडतेय अजून.

आता परत भरतेय, यावेळी जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत, जिथे शाळाच जागा देते. फी पण कमी आहे गंमत म्हणजे. जुन्या शाळेचे निम्मे क्रेडिट यांनी धरले नाहीत ते वेगळंच.

चार्जनर्स_ह्यूस्टन

मी मॅनेजरच्या बाजूने लिहिते कारण वर्षाला पाच-सहा पत्रं माझ्याकडे येतात.

रेकमेंडेशन: लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मॅनेजरकडून चार ओळींचं पत्र येईल, "शी इज पंक्च्युअल अँड हार्डवर्किंग". त्यापेक्षा तुझं काम बघितलेली नाइट सुपरवायझर किंवा चार्ज नर्स धर, आणि एखादी एनपी जी तुझ्या पेशंटना राउंडला येते, रात्री तुझे फोन घेते. शाळेने सुपरवायझरच हवा म्हटलं असेल तर मॅनेजरला भेटायची वेळ मागून घे, आणि जाताना एक पान लिहून ने: कुठली केस, काय पकडलंस, किती जणींना ओरिएंट केलंस. संकोच करू नकोस, आपल्याला स्वतःचं कौतुक सांगायला लाज वाटते पण तिला ते पान मिळालं तर ती मनातून आभारच मानेल. आणि डेडलाइनच्या आधी दीड महिना तरी सांग, एक आठवडा आधी नाही!

पैसे: एचआरला ट्युइशन रीइंबर्समेंट विचार. वर्षाला ५२५० डॉलरपर्यंत एम्प्लॉयर देतो ते टॅक्स फ्री असतं, पण बदल्यात इतकी वर्षं इथेच राहीन असं बहुतेक ठिकाणी लिहून घेतात, तो कागद वाचून सही कर. ग्रीन कार्डवर फेडरल लोन मिळतं, पण १ जुलै २०२६ पासून नवीन लोकांना ग्रॅड प्लस (पुढच्या शिक्षणाचं जादा फेडरल लोन) बंद, त्यामुळे साधारण वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर एवढंच धरून चाल. खासगी शाळेची फी बघताना हा आकडा शेजारी लिहून ठेव.

एमएसएन का डीएनपी: सर्टिफिकेशनची परीक्षा एमएसएनवर देता येते. २०२५ पर्यंत सगळं डीएनपी करायचं असं शिक्षकांच्या संघटनेने ठरवलं होतं, अजून तरी तसं झालेलं नाही. शिकवायचं नसेल तर दोन पोरं नि नाइट ड्यूटी असताना आधी एमएसएन करून मोकळी हो, हे माझं मत. इथे यावर भांडणारे पुष्कळ आहेत, येतीलच.

नर्सचा_नवरा

बायको दोन वर्षांपूर्वी या चक्रातून गेली, तिचा नवरा म्हणून दोन शब्द. अप्लाय करायच्या आधी घरात बसून कॅलेंडर काढा. कोण सोडणार, कोण आणणार, रविवारी स्वयंपाक कोण करणार, नावानिशी लिहा. आम्ही "बघू, होईल" म्हटलं आणि पहिल्या सेमिस्टरला मी पोरांना सलग नऊ दिवस मुगाची खिचडी घातली, धाकट्याने शाळेत "माय फेवरेट फूड"मध्ये पिझ्झा लिहून पुढे "नॉट खिचडी" असं लिहिलं.

आणि सासूबाईंना किंवा आईला इकडे बोलवायचं असेल तर क्लिनिकलच्या सेमिस्टरला बोलवा, थिअरीच्या नाही. आम्ही उलट केलं.

पुण्याची_आयसीयू

मधे बोलते, सॉरी. आपल्याकडे पण एनपी आहे ना? मला इंडियातच करायचंय.

चार्जनर्स_ह्यूस्टन

@पुण्याची_आयसीयू हो आहे, इंडियन नर्सिंग काउन्सिलचा क्रिटिकल केअर एनपी, दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा पीजी कोर्स. म्हणजे वॉर्डातच काम करत शिकायचं, बाहेरची नोकरी सांभाळून नाही. तो आणि इथला एफएनपी ही वेगळी गोष्ट आहे, इथे औषध लिहून देण्याचा अधिकार स्टेटच्या कायद्याने मिळतो आणि तोही प्रत्येक स्टेटमध्ये वेगळा, आमच्या टेक्सासात डॉक्टरबरोबर करार लागतो, शेजारच्या न्यू मेक्सिकोत लागत नाही. तू नवीन धागा काढ, इकडे हरवेल.

रातपाळी_टेक्सास

बापरे, एका झोपेत एवढे रिप्लाय! सगळ्यांचे आभार. खिचडीवर नवरा हसला आणि मग गप्प झाला.

जर्सीच्या ताई, तुमचे तीन प्रश्न मी आज चार शाळांना ईमेल केले. एकीचं लगेच उत्तर आलं, "वुई असिस्ट". 😄 टॅब बंद.

आता एसे. सुरुवात अशी आहे: "लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड होती." दुसरा ड्राफ्ट लॉरेटा फोर्डपासून सुरू होतो, १९६५ साली कोलोरॅडोत पहिला एनपी प्रोग्रॅम काढला वगैरे. कुठला ठेवू?

जर्सीची_सिस्टर

एकही नको. लॉरेटा फोर्ड थोर बाई, पण अ‍ॅडमिशन कमिटीने त्यांच्याबद्दल वर्षात शंभरदा वाचलं असणार. आणि लहानपणी तुला रुग्णसेवेची नाही, डॉक्टर-डॉक्टर खेळायची आवड असेल. गेल्या सहा महिन्यांत कुठल्या पेशंटनंतर घरी येऊन झोप लागली नाही, ते सांग.

रातपाळी_टेक्सास

विचार केला. एक आहे.

साठीचे एक काका, चक्कर येऊन पडले म्हणून अ‍ॅडमिट. रात्री तीनला मॉनिटर वाजला, हार्ट रेट ३८. मी गेले तर जागे, गप्पा मारतायत, म्हणाले असंच होतं हल्ली. घरच्या गोळ्या कुठल्या विचारलं तर उशाखालून झिपलॉकची पिशवी काढली, बायकोने भरून दिलेली. त्यात दोन बाटल्या, दोन्ही मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध), एकीवर टार्ट्रेट एकीवर सक्सिनेट, दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळ्या फार्मसी. एक हॉस्पिटलातून घरी सोडताना दिलेली, एक आधीपासूनची. काका दोन्ही घेत होते, इमानदारीत, डबीत वार लिहून. अ‍ॅडमिशनच्या लिस्टमध्ये एकच होती. मी डॉक्टरांना फोन केला, सकाळचा डोस थांबवला, पिशवी फार्मसिस्टला दाखवली. काका दोन दिवसांनी घरी गेले. पण माझ्या डोक्यात हेच की घरी गेल्यावर त्या डबीत कोण बघणार? डिस्चार्जच्या कागदावर "फॉलो अप विथ पीसीपी" (नेहमीचा फॅमिली डॉक्टर) लिहिलं होतं, आणि त्यांना पीसीपीची तारीख मिळाली होती सात आठवड्यांनंतरची.

पण हे फार साधं आहे ना, यात कोड ब्लू (हृदय बंद पडल्यावरची धावपळ) वगैरे काही नाही.

जर्सीची_सिस्टर

हाच एसे. झिपलॉकपासून सुरू कर, आजच लिही, शिळा करू नकोस.

आणि तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे बघ. तुझी झोप उडाली ती डबीत कोण बघणार म्हणून, मॉनिटर वाजला म्हणून नाही. हे काम प्रायमरी केअरचं. अ‍ॅक्युट केअर घेतलंस तर परत हॉस्पिटलातच, रात्रीच. लहान मुलांचा प्रिसेप्टर न मिळायची भीती वाटत असेल तर अ‍ॅडल्ट-जेरो (मोठी आणि वयस्कर माणसं) प्रायमरी केअर बघ, त्यात लहान मुलं नाहीत, पण क्लिनिकवाल्यांना सगळ्या वयाचे पेशंट बघणारी एफएनपी जास्त हवी असते हेही लक्षात ठेव. सायक चांगलं आहे, पण सगळे घेतायत म्हणून घेऊ नकोस, घरून टेलिहेल्थ करता येईल म्हणून तर मुळीच नको.

मधेच_सोडलं

काकांचं वय, गाव, तारीख, हॉस्पिटल काहीही ओळखता येईल असं लिहू नकोस हां एसेमध्ये. आणि कोणावर बोट दाखवल्यासारखं नको, त्या दोन डॉक्टरांपैकी एक उद्या तुझा प्रिसेप्टर निघायचा!

रातपाळी_टेक्सास

हाहा, बरोबर. आमच्या फ्लोअरला कार्डिओलॉजीची एक एनपी येते, त्या रात्री तिलाच फोन लावला होता. पत्रासाठी तिलाच विचारते, आणि तिच्या ओळखीत प्रायमरी केअरमध्ये कोणी प्रिसेप्टर होईल का हेही. मॅनेजरची मंगळवारी पंधरा मिनिटं मिळालीत, ते एक पान लिहायला घेतलंय.

एकच राहिलं, इव्हॅल्युएशनवाल्यांना ट्रान्स्क्रिप्ट थेट नाशिकहून हवंय. अलीकडे कोणी काढलंय का, इथून ऑनलाइन होतं का भावाला पाठवू? तो म्हणतो द्राक्षांच्या सीझनला जाईन, म्हणजे दोन्ही कामं होतील. आता झोपते, सातला क्लॉक इन आहे.