मदत हवी आहे: ५ एमबीपीएस अपलोडवरून ८ केंद्रांना रोजचे व्हिडिओ वेळेत कसे पोचवावेत?

केंद्रचालक: मुख्य कार्यालयातल्या लाइनचा अपलोड ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), हातात ४.५ पडतो. रोजच्या ९० मिनिटांच्या तासाचं (वर्गाचं) रेकॉर्डिंग (१०८० पी, साधारण ३ जीबी) ८ केंद्रांवर जायला हवं. रात्री १० ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) आरसिंक हा फाइल पाठवणारा प्रोग्राम सुरू होतो, एकामागून एक केंद्राला. सकाळी ६ पर्यंत पाच केंद्रांना फाइल मिळते, सहाव्याची अर्धवट. उरलेलं तसंच चालू राहतं आणि ९ च्या व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज तुटतो. बीडब्ल्यूलिमिट (आरसिंकची वेगमर्यादा) ४००० दिलंय, तरी फरक नाही. लाइन वाढवता येणार नाही. केंद्रांचा क्रम बदलून भागेल का?

बिटमोजणी: नाही भागणार. २४ जीबीला ४.५ एमबीपीएसवर जवळपास १२ तास लागतात, तुमच्याकडे ८ आहेत.

बीडब्ल्यूलिमिटचा आकडा किलोबिटचा नसतो, सेकंदाला किलोबाइटचा (१०२४ वाला) असतो. तुमचे ४००० म्हणजे ३३ एमबीपीएस, म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा. ४ एमबीपीएससाठी ४८८ लिहा.

खरा उपाय फाइल लहान करणं. फळा आणि स्लाइडच्या तासाला ७२० पी पुरतं. एफएफएमपेगमध्ये (व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम) लिबएक्स२६४ हा एन्कोडर, सीआरएफ (दर्जाचा आकडा) २६, मॅक्सरेट (कमाल बिटरेट) १ एम, बफसाइझ २ एम, आवाज मोनो एएसी ६४ के. फाइल फार तर ७२० एमबी होईल आणि आठही केंद्रं ४ एमबीपीएसवर सव्वातीन तासांत उरकतील. बारीक अक्षरं पुसट दिसली तर १०८० पी राहू द्या, फ्रेम सेकंदाला १५ वर आणा. आरसिंकचा झेड (पाठवताना दाबण्याचा) पर्याय काढून टाका. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, नुसता प्रोसेसर राबतो.

रात्रपाळी: आवाज तुटतो कारण अपलोड भरला की राउटरमध्ये पॅकेटांची रांग साचते. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालत असेल तर त्यातल्या एसक्यूएममध्ये (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) केक ही पद्धत निवडून अपलोड ४.२ एमबीपीएसवर बांधा.

क्रॉनमध्ये आरसिंकच्या अख्ख्या स्क्रिप्टच्या आधी 'टाइमआउट ८एच' (आठ तासांनी थांबवणारी आज्ञा) लावा, म्हणजे ६ ला सगळं थांबेल. प्रत्येक आरसिंकला वेगळं लावलं तर आठ तास दर वेळी नव्याने मोजले जातात. सोबत आरसिंकचा पार्शल (अर्धवट फाइल जपणारा) पर्याय हवा, नाहीतर तुटलेली फाइल दुसऱ्या रात्री शून्यापासून. एफलॉक ही आज्ञाही लावा, दोन फेऱ्या एकमेकींवर चढत नाहीत. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) नाही ना, तेवढं बघा. असेल तर क्रॉनमधले रात्रीचे १० म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन.

केंद्रचालक: एका केंद्राचा डाउनलोड जेमतेम १ एमबीपीएस आहे. ते रांगेत मधे आलं की बाकीचे खोळंबतात.

बिटमोजणी: त्याला रांगेतून बाहेर काढा. १० लाच वेगळं आरसिंक, बीडब्ल्यूलिमिट १२२ (१ एमबीपीएस). एक तास ३६ मिनिटं लागतील. उरलेल्या सातांची रांग शेजारी ३६६ वर (३ एमबीपीएस), पावणेचार तास. क्रम इथे कामाचा: ज्याचा सकाळचा तास सगळ्यात आधी, त्याची फाइल आधी. केंद्रं वाढणार असतील तर मात्र फाइल एकदाच क्लाउडवर चढवा (४ एमबीपीएसवर २४ मिनिटं) आणि केंद्रांना तिथून ओढू द्या. तिथल्या डाउनलोडचे पैसे लागतात का ते आधी तपासा.