आडनाव नॉर्स, म्हणून घराणंही नॉर्स?

डब्लिनकर:
मॅकॉलिफ, रेनल्ड्स, कॉटर, शुग्रू, डॉइल. आयर्लंडमधल्या या आडनावांच्या मुळाशी नॉर्स लोक, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेले व्हायकिंग आहेत, याबद्दल वाद नाही. मॅकॉलिफमध्ये ओलाफ दडलाय, रेनल्ड्समध्ये रॉग्नवाल्ड, कॉटरमध्ये ओट्टार, शुग्रूमध्ये सिगफ्रिड. पण त्यावरून 'आमचे मूळपुरुष व्हायकिंग' असं जे सर्रास सांगितलं जातं, ते मला साफ अमान्य आहे.

कॉर्कमधल्या डुहॅलोचे मॅकॉलिफ ही मॅकार्थींची शाखा, आणि मॅकार्थी म्हणजे अस्सल गेलिक, म्हणजे मूळचं आयरिश, राजघराणं. लीट्रिमचे रेनल्ड्स गेलिक. फर्मानाचे मॅकमॅनस नावाने 'मॅग्नस'चे, पण गेलिक मॅग्वायरांच्या भावकीतले. एखाद्या गेलिक सरदाराने मुलाचं नाव ओलाफ ठेवलं, पुढे त्याचे वंशज 'ओलाफचे' म्हणून ओळखले जाऊ लागले, इतकंच. आयरिश आडनावं वंशपरंपरेने चालू लागली दहाव्या-अकराव्या शतकापासून. व्हायकिंगांचा पहिला हल्ला 795 चा. मधल्या काळात ही नावं आयरिश घरांत पुरती रुळली होती.

2006 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी नॉर्स मुळाची समजली जाणारी आडनावं असलेल्या पुरुषांचे वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र, तपासले. स्कँडिनेव्हियन छाप जवळजवळ सापडलीच नाही. आणखी काय पुरावा हवा?

सागरवेध:
तुम्ही सोयीची घराणी निवडलीत. डॉइल घ्या ना. 'ओ डूइल', म्हणजे डुव्गालचा वंशज, आणि डुव्गाल म्हणजे काळा परका, आयरिश लोक व्हायकिंगांना म्हणत तो शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या आडनावांत ते बाराव्या क्रमांकावर होतं. एवढं मोठं कुळ, आणि जुन्या गेलिक वंशावळींत त्याला जागा नाही! ज्या वंशावळकारांनी बारीकसारीक सरदारांच्या पिढ्या लिहून ठेवल्या, ते डॉइलांना विसरले असतील?

आता नकाशा बघा. डॉइल दाट सापडतात वेक्सफर्ड, विक्लो, कार्लो या आग्नेय भागात. वेक्सफर्ड, विक्लो, आर्कलो ही गावांची नावंच नॉर्स आहेत. आडनाव आणि गावाचं नाव एकाच किनाऱ्यावर एकत्र येतात, तेव्हा त्याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

डब्लिनकर:
नकाशा मान्य, पण डुव्गाल हेही गेलिक लोकांनी उचललेलं नाव होतं. स्कॉटलंडमधले मॅकडूगल ज्याच्यावरून झाले, तो डुव्गाल तिथल्या बेटांचा राजा सोमरलेड याचा मुलगा. त्याला कुणी परका म्हणत नव्हतं. अल्स्टरमध्ये काही मॅकडॉवेल याच नावाचे, आणि ते स्कॉटलंडहून आलेले. एकाच नावाची एवढी रूपं, एवढे उगम. सगळ्यांना एका जहाजातून उतरवता येणार नाही.

मॅक्लॉक्लिनचंही तेच. डोनेगॉलचे मॅक्लॉक्लिन नावाने 'लॉक्लन'चे, म्हणजे नॉर्वेच्या बाजूचे, पण रक्ताने ई नेल या गेलिक राजघराण्याचे. मीथमधल्या मेलशॅक्लिन घराण्याचं गेलिक आडनाव इंग्रजीत उतरताना तेही मॅक्लॉक्लिन झालं. त्यांचा तर नॉर्स नावाशीही संबंध नाही.

मोडीवाचक:
डब्लिनकरांच्या बाजूने आपल्याकडचं एक उदाहरण. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिरांच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. त्यावरून भोसल्यांच्या वंशाविषयी कुणी काही ठरवत नाही. नाव श्रद्धेने ठेवलं जातं, मैत्रीने ठेवलं जातं, दरारा वाटतो म्हणूनही ठेवलं जातं.

दुसरं, स्वीनी हे आयरिश आडनाव 'स्वेन' या नॉर्स नावावरून आलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे, ते 'सुव्ने' या आयरिश नावावरून आलंय. सुव्ने मेन हा आयरिश राजा 628 साली वारला. व्हायकिंग यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं अवकाश होता. ऐकायला सारखं वाटलं की मूळ तेच, ही घाई आडनावांच्या बाबतीत फार महागात पडते.

सागरवेध:
स्वीनी सोडून देतो. पण 2006 च्या चाचणीवर एवढी भिस्त ठेवू नका. वाय गुणसूत्र म्हणजे फक्त बापाच्या बापाची एक रेघ. 2017 मध्ये डब्लिनच्याच रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संशोधकांनी पूर्ण जनुकसंच पाहिला. ज्यांची पणजोबा-पणजींची पिढी जवळजवळच्या गावांत जन्मलेली होती, असे 194 आयरिश लोक घेतले. नॉर्वेशी जुळणारा अंश आधीच्या अंदाजांपेक्षा बराच जास्त निघाला.

कॉर्कची सून:
तुम्ही दोघंही बापाचा वंश शोधताय. आयांचं काय? डब्लिनचा राजा सिट्रिक, ज्याने तिथलं क्राइस्ट चर्च कॅथेड्रल उभारलं, त्याचा बाप नॉर्स ओलाफ कुअरान आणि आई लेन्स्टरची गेलिक राजकन्या गोर्मला. पुढे हीच गोर्मला आयर्लंडचा गेलिक राजा ब्रायन बोरू याची बायको झाली आणि ब्रायनची मुलगी सिट्रिकला दिली. 1014 ला डब्लिनजवळ क्लॉन्टार्फच्या लढाईत समोरासमोर आले ते एकमेकांचे सोयरेच. अशा घरात जन्मलेल्या मुलाचं नाव आजोळच्या आजोबांवरून ठेवलं, तर ते 'उचललेलं' कसं?

आणि उलट उदाहरणही आहे. 1283 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वॉटरफर्डच्या मॅकगिलमरी घराण्याला, ते 'ओस्टमन' म्हणजे नॉर्स वंशाचे म्हणून, इंग्लिश कायद्याचे हक्क मान्य केले. आता मॅकगिलमरी म्हणजे 'मेरीच्या सेवकाचा मुलगा'. आडनाव शंभर टक्के गेलिक! माणसं नॉर्स आणि नाव गेलिक, तेही सरकारी कागदावर.

सागरवेध:
ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. म्हणजे आडनावावरून मोजायला गेलं की खरे नॉर्स वंशज यादीबाहेर राहतात, आणि मॅकॉलिफसारखी गेलिक घराणी यादीत शिरतात. मग 2006 च्या चाचणीत छाप सापडली नाही याचं नवल कसलं? मुळात चाळणीच चुकीची होती.

डब्लिनकर:
चाळणी चुकीची, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय! आडनावावरून वंश ठरत नाही. मॅकगिलमरींनी माझाच मुद्दा पक्का केला. 2017 चा नॉर्वेचा अंश खरा धरला, तरी तो डॉइलांत जास्त आणि मर्फींसारख्या गेलिक आडनावांत कमी, असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही.

डॉइलांच्या वंशावळीचा प्रश्न मात्र मी उघडा ठेवतो. फक्त वेक्सफर्ड-विक्लोच्या जुन्या डॉइल कुटुंबांची वेगळी तपासणी कुणी केली, तर निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी मला तो वाचायचाय.