मदत हवी आहे : बालसंगोपनचा फॉर्म अडकलाय (नाशिक)

सिडकोकर : बहिणीची दोन मुलं आहेत. सरकारच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० मिळतात ना? फॉर्म भरून देणारा तीनदा परत पाठवतोय, 'कागद अपुरे'. नेमके कोणते लागतात? लवकर सांगा, उद्या सुट्टी टाकलीय.

गोदाकाठची आत्या : मुलांची वयं? वडील काय करतात? काहीच न लिहिता काय सांगणार, बाबा.

सिडकोकर : नऊ आणि चार. वडील नाहीत.

निवृत्त गुरुजी : मग सोपं आहे. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड, पासबुक, आणि घरासमोर आईसोबत मुलांचा फोटो. पूर्वी ४२५ रुपये होते, मग १,१०० झाले, २०२३ पासून २,२५०.

निफाडचा द्राक्षवाला : त्यापेक्षा धाकट्याला आरटीईतून इंग्रजी शाळेत टाका. २५ टक्के जागा राखीव, फी माफ. पोरगं मार्गी लागेल.

आत्या : फी माफ, पण गाडीभाडं, बूट, स्नेहसंमेलनाचा ड्रेस? माझ्या भाचीनं दोन वर्षांत काढलं पोराला.

द्राक्षवाला : सगळ्यांचं तसं होत नाही.

पंचवटी०७ : ताईंना लाडकी बहीण चालू आहे का? केवायसी करून घ्या आधी.

सिडकोकर : विषय काय, चाललंय काय! मृत्यूचा दाखला कुठून आणू? मेलेला नाही तो. तीन वर्षांपूर्वी ट्रकवर जातो म्हणून गेला, आलाच नाही.

गुरुजी : अहो, मग 'वडील नाहीत' काय लिहिता!

वकीलभाऊ : सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर कोर्टातून मृत घोषित करून घेता येतं.

आत्या : म्हणजे पोरगी तेराची होईपर्यंत थांबायचं? हे विचारलंय कोणी? सिडकोकर, ही योजना फक्त विधवांच्या मुलांसाठी नाही. घटस्फोट झालेला, एक पालक सोडून गेलेला, अशांच्या मुलांनाही आहे. फॉर्मवाल्याचा नाद सोडा, थेट जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. मिसिंगच्या तक्रारीची प्रत न्या. घरी चौकशीला येतात, मग बाल कल्याण समिती आदेश काढते. हप्ते रखडतात कधीकधी, त्यांच्या भरवशावर घरभाडं ठरवू नका.

आणि ताई कामावर गेल्यावर धाकट्याला कोण बघतं?

सिडकोकर : मोठी. अंगणवाडी दुपारी सुटते. ताई अंबड एमआयडीसीत, यायला रात्रीचे आठ.

आत्या : मग मोठीची शाळा?

सिडकोकर : आत्ता फोन केला. आठवड्यातून दोन-तीन दिवस जाते म्हणे. चौकशीवाल्यांना हे कळलं तर मुलांना बालगृहात नेतील का?

आत्या : उलट आहे. मुलं संस्थेत न जाता घरीच वाढावीत, म्हणून तर पैसे देतात. लपवू नका, मोठीचं तर नाहीच नाही. मिसिंगची प्रत आहे ना?

सिडकोकर : तक्रारच दिली नव्हती. सासू म्हणायची, येईल तो.

आत्या : उद्याची सुट्टी आधी पोलीस ठाण्यात घालवा.

द्राक्षवाला : आरटीईचंही बघाच.