नाशिकचे ऑडिओवेडे, सिस्टिम का बदलता? अनुभव लिहा

ॲम्प (ॲम्प्लिफायर), स्पीकर, डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा), टर्नटेबल, काही ना काही आपलं सतत बदलत असतं. घरचे विचारतात आधीच्याला काय झालं होतं, तर झालेलं काहीच नसतं. मग का? सविस्तर लिहा, ब्रँडवरून भांडण नको.

कॉलेज रोड: माझा कान बदलला म्हणून. पंचवटीत एका घरी बैठक होती, माईक नाही, तानपुरा अगदी हातभर अंतरावर. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं तर सूर होता पण जवारीची, म्हणजे तारेखालच्या घोडीमुळे येणारी ती झणक कुठेच नाही! तेव्हापासून शोध सुरू, आताच्या स्पीकरवर ती बरीचशी येते, पुढच्यावर अजून येईल असं मला खरंच वाटतं.

सातपूर: ॲम्प बदलायच्या आधी गणित बघा रे. 50 वॉटचा 100 केला तर वाढतात फक्त 3 डेसिबल, आणि आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॉट. दुसरं म्हणजे दुकानात दोन सेट लावून बघताना एक जरासा जरी मोठा वाजला ना, तर तोच भारी वाटतो, क्लॅरिटी जास्त वाटते, सगळंच जास्त वाटतं. म्हणून मी आवाज मोजायचं मीटर घेऊन जातो, लेव्हल सारखी केल्याशिवाय मत देत नाही, आणि बहुतेक वेळा तसाच परत येतो.

इंदिरानगर: सातपूरवाल्या दादांना अनुमोदन, पण खोलीचं कुणीच का बोलत नाही? फ्लॅटमधली बेडरूम, समोरासमोरच्या भिंतींत 10 फूट, म्हणजे साधारण 56 हर्ट्झला बेस फुगणारच, स्पीकर कुठलेही आणा. मी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, बसायची खुर्ची सरकवली, तबल्याचा डग्गा मोकळा झाला. खर्च शून्य. माझ्या मते निम्मी अदलाबदल खोलीमुळे होते.

देवळाली कॅम्प: आमच्याकडे हौस कमी, नाइलाज जास्त. बाबांचा जुना टर्नटेबल, बेल्ट सैल पडला की गाणाऱ्याची पट्टीच उतरते. स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावलं की भुगा. बेल्ट, फोम, सुई बदलत गेले, ॲम्पचे कपॅसिटरसुद्धा. पण बाहेरची पेटी तीच ठेवलीये, ती विकणार नाही.

सिडको: माझं वय झालंय, वरच्या फ्रिक्वेन्सी वयानुसार आधी जातात हे मान्य, तरी मी बदलतो. नवीन काही आलं की कपाटातल्या सगळ्या रेकॉर्ड पुन्हा बाहेर निघतात, ज्या वर्षानुवर्षं लावल्या नव्हत्या त्या पण, आणि रात्री उशिरापर्यंत ऐकणं होतं. एरवी होत नाही हो तसं. त्याच्यासाठी मी पैसे खर्च करतो.

कॉलेज रोड: काका, हे अगदी पटलं. सातपूरवाले, रविवारी मीटर घेऊन याल का माझ्याकडे? स्पीकर पुढे ओढून बघू, नवीन घ्यायचे का ते मग ठरवतो.