रोज रात्री नऊला साक्षीचा आकडा टाकायचा? मी नाही टाकणार

नाईटड्युटी
परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तरुण संघातल्या एका भावाने मेसेज टाकला. थोडक्यात असा, की लोकलमध्ये तुझ्या शेजारी बसलेला माणूस नाशाकडे चाललाय आणि तू मोबाईलवर सिरीयल बघत बसतेस, सार्वकालिक गोष्टींवर नजर ठेव, रोज निदान तीन जणांना सुवार्तेची छापील पत्रिका देऊन साक्ष दे आणि रात्री नऊ वाजता आकडा ग्रुपवर टाक. आणि लोक टाकायलाही लागले. कुणी ४, कुणी ११. एका मावशींनी ० टाकून पुढे हात जोडले. ह्या मावशी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करतायत, हगणं-मुतणं सगळं. त्यांचं ते शून्य बघून माझं डोकंच फिरलं, म्हणून एवढं लिहितेय.

सुवार्ता सांगू नका असं मी म्हणत नाही, उलट मला ती सांगायची असते. पण प्रभूने ज्या डोंगरावर दिवा मापाखाली ठेवू नका म्हटलं त्याच डोंगरावर दार लावून प्रार्थना करा, डाव्या हाताला कळू न देता दान करा असंही म्हटलंय, मग हा नऊ वाजताचा आकडा कुणाला दाखवायला? पेत्राच्या पत्रात काय आहे, की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. विचारलं तर! म्हणजे आधी आपण असं जगायला पाहिजे की समोरच्याला विचारावंसं वाटेल.

मी २२ वर्षं म्युनिसिपल हॉस्पिटलात आहे. मागच्या पावसाळ्यात मेल मेडिकल वॉर्डात एक लालबागचे आजोबा होते, जुने गिरणी कामगार, फुफ्फुसात पाणी, आयसीडी लावलेली, म्हणजे पाणी बाटलीत काढायची छातीतली नळी. व्हिजिटिंग अवर्समध्ये कुणीतरी येऊन प्रत्येक लॉकरवर पत्रिका ठेवून गेलं. मुलीने मऊ भाताचा डबा आणलेला, त्याच्या झाकणावर ती पत्रिका, 'आज मेलात तर कुठे जाल?' वाफेने कागद झाकणाला चिकटला होता, ती नखाने खरवडून काढत होती आणि रडत होती. मला म्हणाली, सिस्टर, तुमचीच माणसं ना ही? मी काय बोलणार.

त्याच आजोबांनी चार रात्रींनी पहाटे तीनला मला विचारलं, पोरी तू बाटली बदलताना तोंडातल्या तोंडात काय म्हणतेस? मी म्हटलं प्रार्थना करते. कुणाची, काय मागतेस, मग मेल्यावर काय होतं असं तुझं म्हणणं, एकेक विचारत गेले. मी जे मानते ते सांगितलं, पाच मिनिटं. हे मी कुठल्या रकान्यात भरू?

विरार_फास्ट
सिस्टर सलाम. आकड्याचं पटलं, तो पोरकटपणा आहे. बाकीचं अजिबात पटलं नाही. 'विचारलं तर सांगू' हे आपल्या सगळ्यांचं आवडतं कारण आहे. मी स्वतः पंधरा वर्षं कुणाला काही विचारलं नसतं कारण संध्याकाळी सातनंतर मी शुद्धीतच नसायचो. २००९ ला बोरिवलीला एक माणूस चढला, मला दारातून आत ओढला, कारण मी लटकत होतो, आणि विरार येईपर्यंत माझ्याशी बोलला. मी त्याला शिव्या घातल्या. तरी उतरताना त्याने त्याच्या डब्यातली चपाती-भाजी मला दिली आणि बायबलातला नवा करार, छोटा, खिशात कोंबला. तो 'हा विचारेल तेव्हा बघू' म्हणून थांबला असता तर आज माझी मुलगी बापाशिवाय असती.

आणि ट्रेनचं एवढं वाईट वाटून घेऊ नका. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांना नवा करार कुठे मिळाला? १८९३ ला राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या माणसाने दिला. तो गप्प बसला असता तर टिळकांचे अभंग आपण रविवारी म्हटले असते का?

ठाकूरद्वार
मी ख्रिश्चन नाही, मैत्रिणीने लिंक पाठवली म्हणून वाचतेय. विरारवाल्या दादांना एकच विचारायचंय, टिळकांचं सांगता, लक्ष्मीबाईंचं कोण सांगणार? १८९५ ला नवरा मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि बायकोला मागाहून कळतं. स्मृतिचित्रे वाचलंय ना तुम्ही? पोराला घेऊन ती बाई नातेवाइकांकडे दिवस काढते, पुढे तीही ख्रिस्ती झाली पण पाच वर्षांनी आणि स्वतःच्या डोक्याने. डब्यात पुस्तक देणारा आपल्या वाटेने निघून गेला, घर ह्या बाईचं मोडलं.

माझे वडील कॅन्सरने गेले. ऑफिसातली एक मुलगी रोज फोन करायची, विश्वास ठेवा, नक्की बरे होतील. माझी आई बिचारी स्वामींच्या फोटोपुढे बसूनसुद्धा तिच्या फोनची वाट बघायची. गेले वडील. तेराव्याच्या आधी तिने मला सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

आणि सिस्टर, तुम्ही चांगल्या आहात हे दिसतंय, पण पहाटे तीनला नळी लावून पडलेला माणूस तुमच्यासमोरून उठून जाऊ शकतो का? तो नर्सला नाराज करेल का? त्याने विचारलं म्हणजे काय विचारलं हो?

पाखाडीकर
माझगावचा ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा कॅथलिक. आमच्यात पत्रिका वाटायची पद्धत नाही. १८९६ च्या प्लेगात माणसं पटापट मरत होती तेव्हा गावठाणागावठाणात खुरीस (क्रूस) उभे केले, आजही मे महिन्यात त्यांच्यासमोर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते आणि जाता जाता हिंदू शेजारीपण हार घालून जातात. ही आमची साक्ष. ओरडायची गरज नाही.

पण सार्वकालिक दृष्टीचा विषय निघालाच आहे तर एक बोलतो. ह्या शहरात आपल्याला दोन वर्षंसुद्धा जमिनीत राहायला मिळत नाही. आई गेली, टेंपररी कबर मिळाली, दोन वर्षांच्या आतच फोन आला की काढतोय, या. मी गेलो. माणूस खड्ड्यात उतरलेला, वरून एकेक हाड पांढऱ्या कपड्यावर ठेवत होता आणि आईच्या बोटातली रोझरी तशीच होती, मणी सुटलेले पण साखळी अख्खी. मला म्हणाला लवकर करा, बारा वाजता दुसरी बॉडी आहे. आणि निशसाठी, म्हणजे हाडं ठेवायच्या भिंतीतल्या कप्प्यासाठी, वेटिंग. हाडं पिशवीत घालून ऑफिसच्या कपाटात महिनाभर. आधी ह्यावर बोला, मग स्वर्गावर.

कुर्ला_वेस्ट
पाखाडीकर, वाईट वाटलं, पण तुमच्याकडे निदान पॅरिशची, म्हणजे तुमच्या चर्चची, सिमेट्री आहे. आम्ही प्रोटेस्टंट, चार गल्ल्यांवर कॅथलिक दफनभूमी आहे, पण तिथे आमच्या बाबांना जागा नाही म्हणाले, सभासद नाही. मे महिन्यात पेटी टेम्पोत घालून शिवडी गाठली, सायन सर्कलला पाऊण तास अडकलो, बर्फ वितळून खाली गळत होता. सुवार्तेत सगळे एक आणि मातीत वेगळे.

पाखाडीकर
अहो पण आमच्याच लोकांना पुरत नाही तर बाहेरच्यांना कुठून देणार?

कुर्ला_वेस्ट
'बाहेरचे'. बघा, तुमच्याच तोंडून आलं.

सांताक्रूझ_ईस्ट
जागेचाच प्रश्न आहे तर दहन करा ना. १९६३ पासून कॅथलिकांनाही परवानगी आहे. २०१६ ला रोमने परत स्पष्ट केलंय, फक्त राख उधळायची नाही, घरी ठेवायची नाही. माझ्या काकांचं विद्युतदाहिनीत केलं, कलश निशमध्ये आहे. पुनरुत्थान करणाऱ्याला हाडं शाबूत लागत असती तर प्लेगात चुन्यात पुरलेल्यांचं काय?

पाखाडीकर
तुमच्या काकांचं तुम्ही करा. माझ्या आईने हयातीत सांगून ठेवलं होतं की मला मातीत ठेव, बाबांच्या शेजारी. बाबांच्या शेजारी जागा तर मिळाली नाहीच, बाबा कुठे आहेत तेही आता मला दाखवता येत नाही, आणि तुम्ही मला वटहुकूम शिकवता? आणि पर्मनंट कबरी ज्यांच्याकडे आहेत त्यांची नावं बघा एकदा, मार्बल, रेलिंग, वर्षातून एकदा दोन नोव्हेंबरला फुलं, बाकी वर्षभर गवत. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका हे त्यांना कुणी सांगत नाही.

सांताक्रूझ_ईस्ट
ठीक आहे, मी कोरडं बोललो. काकांचं करताना काकूने तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं ते लिहायचं राहिलं.

कुर्ला_वेस्ट
मला एवढंच म्हणायचंय की सगळ्या चर्चवाल्यांनी एकत्र बसून महापालिकेकडे जागा मागितली पाहिजे. वेगवेगळे अर्ज करतो आणि वेगवेगळे परत येतो.

चेंबूर_नाका
मेल्यावरच्या जागेवर एवढं बोललात, आता जिवंतपणीच्या जागेवर बोलू का? मूळ मुद्दा साक्ष द्यायचा होता. माझे आजोबा जालन्याकडे बाप्तिस्मा घेतलेले. आमच्या चाळीत समोरच्या खोलीत बौद्ध कुटुंब, त्यांचे आणि आमचे आजोबा एकाच गावचे, एकाच वस्तीतले. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या, १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, आम्ही अजून बाहेर. समोरच्या मुलाला कॉलेजात सवलत मिळाली, बरंच झालं, मित्र आहे माझा. मला विचारलं धर्म कोणता, तर मी काय लिहू? खरं लिहिलं की जातीचा दाखला जातो. म्हणून आमच्यात कित्येक जण कागदावर एक आणि रविवारी एक. आणि हा ग्रुपवरचा भाऊ सांगतो धीटपणे साक्ष दे. आकडा टाकायला त्याचं काय जातं?

विरार_फास्ट
कष्ट समजतात. पण वचन वचनच आहे, जो मला माणसांसमोर नाकारेल त्याला मी पित्यासमोर नाकारीन. दाखल्यासाठी प्रभूला नाकारायचं म्हणजे सार्वकालिक हिशोबात तोटाच.

चेंबूर_नाका
माझ्या आईने चार घरची भांडी घासून तीन पोरं शिकवली आणि रोज पहाटे चारला उठून प्रार्थना केली. ती कागदावर काय आहे ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही आलात आमच्या घरी कधी? तोटा-नफा मला शिकवू नका. तुम्हाला गाडीत चपाती-भाजी देणारा माणूस मिळाला, त्याने आधी दाखला नाही मागितला.

ठाकूरद्वार
👏

विरार_फास्ट
दिवसभर हेच डोक्यात होतं. भाऊ, तुमच्या आईबद्दल मी बोललो नव्हतो पण लागलं ते बरोबर लागलं. शब्द मागे घेतो. वचन मागे घेत नाही, ते माझं नाही. आणि ठाकूरद्वारच्या ताई, तुमच्या वडिलांच्या वेळी जे झालं ते चूक, शंभर टक्के चूक, 'विश्वास कमी पडला' असं म्हणणाऱ्याने बायबलातलं ईयोबाचं पुस्तक उघडलेलं नाही, तिथे निर्दोष माणूसच दुःख भोगतो. पण लक्ष्मीबाईंना पुढे तेच पुस्तक स्वतःचं वाटलं, हे तुम्हीही सोडून देऊ नका.

ठाकूरद्वार
नाही सोडत. स्वतःच्या डोक्याने म्हणाले ना मी. माझा मुद्दा तोच आहे, तिला वेळ मिळाला. मला कुणी वेळ दिला नाही, रोज फोन. आणि भजनी मंडळी गाडीत टाळ वाजवतात तेव्हा मी काही म्हणत नाही हे खरं, ते माझ्यावर कुणी उलटवलं नाही अजून, म्हणून मीच सांगते.

नाईटड्युटी
सकाळी घरी येऊन सगळं वाचलं. दफनभूमीवर एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. पाखाडीकर, तुमच्या आईची साखळी डोळ्यांसमोरून जात नाहीये.

ठाकूरद्वार ताई, तुमचा प्रश्न मला लागला. मी दोन दिवस त्यावर रागात होते, कारण मी त्या आजोबांना काही विकत नव्हते. पण तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ते उठून जाऊ शकत नव्हते आणि पाणी माझ्याच हातून प्यायचे. मी थांबून म्हणायला हवं होतं की आजोबा, सकाळी मुलगी येईल तेव्हा तिच्यासमोर बोलू. नाही म्हटलं. पुढच्या वेळी म्हणेन.

विरारवाले भाऊ, तुमचंही एक मान्य करते. प्रत्येक जण विचारू शकत नाही, काहींना दारातून आत ओढावंच लागतं. पण तुमच्या माणसाने आधी ओढलं, मग डबा दिला, मग पुस्तक. ग्रुपवर फक्त पुस्तक मोजतात. आणि मी त्या मावशींकडे रविवारी संध्याकाळी जाणार आहे, सासूबाईंना बेडसोर झालेत, ड्रेसिंग दाखवून येते. कुणाला यायचं असेल तर सांगा, कूस बदलायला दोन माणसं लागतात.

ठाकूरद्वार
त्या आजोबांचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.

नाईटड्युटी
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, माझा विठोबा आहे गं, पण तू म्हण तुझं, मला झोप लागते त्याने. मग रोज म्हटलं, थोडं मोठ्याने. नवव्या दिवशी नळी काढली, डिस्चार्ज झाला. मुलगी जाताना रिकामा डबा धुवायला सिंकपाशी आली होती, काही बोलली नाही, माझ्या खांद्याला हात लावून गेली.

विरार_फास्ट
मावशींचं घर कुठे? रविवारी मी मोकळा आहे.

पाखाडीकर
कुर्ला_वेस्ट, एकत्र अर्जाचं बोलला होतात. आमच्या पॅरिश कौन्सिलची मीटिंग पहिल्या शनिवारी असते. बाहेरचे म्हणालो ते सोडा, कागद घेऊन या.