नोटरीवर भागत नाही

'अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे' हा नेहमी मिळणारा सल्ला पुण्यात खोली शोधणाऱ्या मुलांनी अजिबात मानू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) लेखी आणि सरकारदरबारी नोंदणीकृतच लागतो, नोंदणीची जबाबदारीही मालकाची. खर्चाचा बाऊ उगाच होतो. कराराच्या पूर्ण मुदतीचं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. अकरा महिन्यांच्या करारात महिन्याचं भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल तर हे शुल्क पाचशेच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी १,०००.

डिपॉझिट बँकेतूनच द्या, आकडा करारात घाला. सोडताना रंगकामाचे किती कापणार तेही तिथेच लिहून घ्या, बहुतेक भांडणं त्यावरूनच होतात.