झाडं बघून मन बरं होतं का? (पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून पेटलेला ऑनलाइन वाद)

रानवाट:
काल ‘पौडफाटा’ यांनी लिहिलं, की बालभारती–पौड फाटा रस्ता टेकडीवरून झाला तर त्यांचा रोजचा पाऊण तास वाचेल, तेच खरं मानसिक आरोग्य. झाडं बघून मन प्रसन्न होणं म्हणजे भरल्या पोटाचे चोचले. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

बाबा गेले आणि आईने बोलणंच टाकलं. दोन खोल्यांचं घर, खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. गोळ्या चालू होत्याच. मी तिला पहाटे टेकडीवर न्यायला लागले. पंधरा दिवस ती खाणीच्या काठावर नुसती बसून राहायची. मग एक दिवस वाकडी शेंग उचलून म्हणाली, “मेडशिंगी. मेंढीच्या शिंगासारखी, बघ.” तीन महिन्यांत आपणहून बोललेलं पहिलं वाक्य. हे चोचले?

आणि पुरावाच हवा, तर रॉजर उल्रिच यांचा १९८४चा अभ्यास वाचा. पेनसिल्व्हानियातलं रुग्णालय, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली.

पौडफाटा:
आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तो अभ्यास ४६ रुग्णांचा. त्यावरून शहराचे रस्ते ठरवायचे? संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्यावर अडकतो तेव्हा पाळणाघरात माझी मुलगी एकटी उरलेली असते. बाई तिचं दप्तर भरून दारात उभ्या. त्या पाऊण तासात माझ्या जिवाचं काय होतं ते कोण मोजणार?

सालई:
टेकडी वाचवा म्हणताना तिच्यावर काय उभं आहे ते बघा. जिकडे तिकडे उंदीरमारी! मध्य अमेरिकेतलं झाड. त्याच्या दाटीत पळस, गणेर, सालई यांना वाव नाही, गवत नाही, मग पक्षी कुठून येणार? फेब्रुवारीत गुलाबी फुलं आली की लोक फोटो काढतात आणि त्यालाच निसर्ग म्हणतात.

जुनामाळी:
उंदीरमारी लावली तेव्हा टेकड्या बोडक्या होत्या. मुरूम आणि ऊन. जे जगेल ते लावलं. तिच्या पाल्याने जमिनीला खत मिळालं, म्हणून आज तुमची देशी रोपं तिथे धरतात. मी डोक्यावरून पाण्याचे डबे वर नेलेत. तुम्ही एक तरी खड्डा खणलाय?

सालई:
सात वर्षं खणतेय! कष्ट केले म्हणून निवड बरोबर ठरत नाही. टेकडीला गवताळ माळच हवा होता.

जुनामाळी:
माळावर वणवा लागला की विझवायला कोण येतं, ते मला माहीत आहे. पुस्तकं वाचून बोलू नका.

रानवाट:
अहो, विषय माणसांच्या मनाचा चाललाय. उंदीरमारीसाठी वेगळा धागा काढा ना.

पर्वतीपायथा:
सगळं कोथरूडच्या बाजूचंच चाललंय. मी पर्वतीखालच्या जनता वसाहतीत, झोपडपट्टीत वाढले. आमच्या गल्लीत एक उंबर होता. दुपारी बायका त्याखाली तांदूळ निवडायच्या. कुणाचा नवरा मारतो, कुणाला झोप येत नाही, सगळं तिथेच बोललं जायचं. ड्रेनेजसाठी खणताना त्याची मुळं तोडली, दुसऱ्या पावसाळ्यात आडवा झाला. आता पत्रा तापला की घरात बसवत नाही आणि बाहेर सावली नाही. माझी आई दुपारी कुणाशी बोलतच नाही. आणि टेकडीवर एकटी बाई निर्धास्त जाते? मी दोनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरलेय.

रानवाट:
हे खरं आहे. आईला मी एकटीला कधीच पाठवलं नाही. माझ्या लिहिण्यात हे यायला हवं होतं. तरी टेकडी फोडून तुमच्या गल्लीत सावली येणार नाही.

पौडफाटा:
उंबराचं पटलं. झाड दारात हवं, एवढं मान्य. रस्त्याबद्दल माझं मत तेच आहे.

सालई:
उंबराची रोपं माझ्याकडे आहेत. देते.

जुनामाळी:
अरुंद गल्लीत उंबर नको, मुळं घराच्या पायात शिरतात. करंज लावा.

सालई:
करंज चालेल. यात तुमचं बरोबर आहे.

पर्वतीपायथा:
लावू कुठे? पेव्हर ब्लॉक थेट उंबऱ्यापर्यंत बसवलेत. आधी दोन ब्लॉक काढून द्यायला कोण येतंय, ते सांगा.